पुण्यात सोसायटीत राहून १९६३ ची इम्पाला सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६३ ची शेव्हरोले इम्पाला चालू हालतीत मिळतेय, राहायला बिबवेवाडीत सोसायटीत, बायको नको म्हणतेय, तर घ्यावी का?

आधी वहिनींच्या बाजूने बोलतो. इम्पाला १७ फुटांहून लांब आणि साडेसहा फुटांहून रुंद. सोसायटीतला पार्किंगचा चौकोन बहुतेक ठिकाणी ५ मीटर बाय अडीच मीटर असतो, म्हणजे गाडीचं शेपूट फूटभर बाहेर, आणि शेजारची गाडी आत असेल तर तुम्ही दार उघडून उतरणार कुठे, हा प्रश्न वेगळा. रॅम्पचं वळणही मोजून घ्या. जागा नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

माझ्याकडे इम्पाला नाही, डॉज किंग्जवे आहे, १९५१ ची. क्रायस्लरच्या परवान्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात जोडलेली. अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, ती सेकंडहँड घेतली, बाबांनी वीस वर्षं झाकून ठेवली आणि मी ती उघडली. आई तिला अजून ‘अण्णांचा हत्ती’ म्हणते.

लोक विचारतात पार्ट मिळतात का, ॲव्हरेज काय. ॲव्हरेज लिटरला पाच-सहा, तुमची व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची असेल तर शहरात त्याहून कमी धरा. पेट्रोल शंभरीपार आहे, पण महिन्यातून चार रविवार फिरवायची गाडी पेट्रोलने कुणाला भिकेला लावत नाही. पार्टचं म्हणाल तर तुम्ही माझ्यापेक्षा सुखी. शेव्हरोलेचं छोटं व्ही-एट १९५५ पासून कित्येक दशकं बनत होतं, त्याचं सगळं आजही नवं मिळतं, फक्त मागवायचं आणि कस्टम ड्यूटी भरायची. खरी अडचण मिस्त्रीची. गाडी घेण्याआधी मिस्त्री शोधा आणि त्याचं वय विचारा.

आमचे मिस्त्री, चाचा, सत्तरीच्या पुढचे. नाना पेठेच्या मागे एका बोळात त्यांचं गॅरेज आहे, पाटी नाही. दोन वर्षांपूर्वी कात्रजचा घाट चढताना माझी गाडी ओढेना, मागून फट-फट आवाज. टेंपरेचरचा काटा मधोमध, एकदम शहाण्यासारखा. मी म्हणालो कार्बोरेटर. चाचांनी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिल्या पाचांची काढली की इंजिन अडखळायचं, सहाव्याची काढली तर काहीच फरक नाही. “साहेब, हा सिलिंडर कधीच मेलाय. काट्यावर जाऊ नका, काटा पुढचं सांगतो, मागचं नाही.”

प्रकार असा की या साइड व्हॉल्व्ह इंजिनाच्या, म्हणजे ज्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात त्याच्या, ब्लॉकमध्ये पुढून मागपर्यंत एक पत्र्याची चपटी नळी असते. पंपाचं पाणी तिच्यातून मागे जातं आणि खाचांमधून प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) सीटवर पडतं. नळी गंजून बसली की पाणी पुढेच फिरतं, मागचे व्हॉल्व्ह जळतात आणि काट्याला पत्ता नसतो. रेडिएटर उतरवला, पंप काढला, आकडा घालून ओढलं, तर नळीऐवजी बाहेर आले गंजाचे तुकडे आणि ओंजळभर चिखल. अमेरिकेतून नवी मागवता आली असती, पण चाचांना तेवढा धीर नव्हता. ते तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही कसब्यात तांबट आळीत गेलो. कारागिराने ते फरशीवर मांडले, लांबी जुळवली आणि विचारलं, “बंब आहे का कसला?” चार दिवसांत पितळी पत्र्याची नळी हातात, खाचा जिथल्या तिथे. तिच्यावर गाडी आजही चालते.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळली नसती. या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. आणि चाचांच्या हाताखाली आता कुणी पोरगा टिकत नाही, म्हणून मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. पॉइंटची (प्लगला ठिणगी देणाऱ्या स्विचची) गॅप लावणं, ब्रेकमधली हवा काढणं आणि कार्बोरेटर खोलून पुन्हा बसवणं, एवढं मला आता येतं. तुम्हाला हात काळे करायची हौस नसेल तर ही गाडी तुमची नाही.

न शिकता गाडी बाहेर काढली की काय होतं तेही ऐका. शिरवळच्या अलीकडे माझं डावं मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोराने पान्यावर पाइप घातला आणि त्यावर उभा राहिला. बोल्ट हलेना. मी पण जोर लावायला गेलो. खट्‌कन आवाज आला आणि बोल्टचं डोकं माझ्या हातात. क्रायस्लरच्या या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हे अण्णांनी मला लहानपणी दहादा सांगितलं होतं. आम्ही दोघं मिळून बोल्ट मन लावून घट्ट करत होतो. उरलेल्या चार बोल्टवर तीसच्या स्पीडने घरी. इम्पालाला ही भानगड नाही, तसंच माझ्यासारखी ६ व्होल्टची बॅटरी आणि तिची प्लसची वायर बॉडीला जोडलेली हाही ताप नाही. तुमची सरळ १२ व्होल्ट.

तुमच्या गाडीचे ताप वेगळे. त्या काळच्या इम्पालाची फ्रेम इंग्रजी एक्ससारखी असते, दारांखालून बाजूचे चॅनेल जातच नाहीत. त्यामुळे हल्लीच्या लिफ्टवर कुणी नेहमीसारखे हात लावून उचलली तर बॉडी चेपेल, तिथे स्वतः उभे राहा. दुसरं, ब्रेकचं सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. आधी सगळे ब्रेक होज आणि मास्टर सिलिंडर नवे, मग क्रोम, मग रंग. लोक नेमकं उलट करतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. जुनं रबर त्याने फुगतं. माझ्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, वर्षात मऊ पडला, नंतर सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी तीन महिने उभी करू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हरही नको, आत घाम धरतो. उंदरांचं मी काही सांगत नाही, तुम्हाला ते सांगतीलच.

कागदपत्रं. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५० च्या दशकातच बंद झाला, म्हणजे १९६३ ची गाडी बाहेरून आलेली. त्यामुळे जुनं आरसी बुक मूळ हवं, झेरॉक्सवर सौदा नको. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे अशा कित्येक गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलेलं असतं. ‘चालू हालतीत’ म्हणजे कुठल्या इंजिनावर चालू, ते बॉनेट उघडून बघा. आवाज ट्रॅक्टरसारखा असेल तर कळेलच.

बघायला जाताना लोहचुंबक न्या. दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकांच्या वर फिरवा. चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग डिकीतलं कार्पेट उचला, आणि शेवटी गाडीखाली झोपून फ्रेम बघा. पांढरा शर्ट घालून जाऊ नका.