मुंगीला मोठं करू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कीटकदालनाचा तुझा आराखडा सावकाश वाचला. दारातच दहा फुटी मुंगी उभी केली आहेस, ती काढ. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा बघताना छाती दडपते, कारण तो खरोखर तेवढा आहे. मुंगी दहा फुटांची झाली तर जगणारच नाही. अंगावरच्या छिद्रांतून नळ्यांवाटे आत शिरणारी हवा एवढ्या देहाला पुरत नाही आणि ते पाय वजन पेलत नाहीत. त्यापेक्षा बघायला येणाऱ्याला लहान कर. पाण्याचा थेंब त्याच्या खांद्याला लागू दे, हाताने ढकलला तरी न फुटणारा. मुंगीला पाणी असंच भेटतं, चिकट आणि पकडून ठेवणारं.

मधमाशीच्या नजरेचा पडदा मात्र चुकला आहे. एकाच फुलाच्या शेकडो प्रती सगळेच दाखवतात, म्हणून तूही दाखवाव्यास असं नाही. कामकरी माशीच्या एका डोळ्यात सुमारे 5,000 नेत्रिका, म्हणजे भिंगं असलेले चिमुकले डोळे, असतात, पण प्रत्येकीतून चित्राचा एकेक ठिपका मिळतो. सगळे मिळून चित्र एकच, भरड. त्यात लाल रंग नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील आहे. आपल्याला नुसत्या पिवळ्या दिसणाऱ्या कितीतरी फुलांवर तिला मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. तसं चित्रण करता येतं, ते मिळव. शेजारी घरमाशी घे. तिचा डोळा सेकंदाला दोनशेहून जास्त लुकलुकी सुट्या ओळखतो, म्हणून तिच्यावर उगारलेला हात येणाऱ्याला अगदी संथ खाली येताना दिसू दे. हा भाग जमला तर बाकीचं थोडं कमी पडलं तरी चालेल.

रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात. अंधाऱ्या खोलीत बाकावर बसवून आवाज नडगीच्या उंचीवरून सोड. फलक आधी गुजरातीत लिही, लहान मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

खऱ्या फुलपाखरांवर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, रंग उडतात. आणि नवा नमुना पेटीत ठेवण्याआधी उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेव. वाळलेले किडे खाणारे भुंगेरे संग्रहात एकदा शिरले की वर्षानुवर्षांची मेहनत भुकटी होते.

सुधारलेला आराखडा घेऊन घरी ये. फुलांच्या चित्रणाबद्दल बसून बोलू.

तुझा,
काका