आरोग्य-प्रश्नोत्तरे : रुग्णाचे बोलणे त्यालाच परत सांगताना

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. प्रशिक्षणात आम्हाला ‘रिफ्लेक्टिव्ह लिसनिंग’, म्हणजे रुग्णाचे म्हणणे ऐकून त्याचा आशय त्यालाच परत सांगण्याची पद्धत, शिकवण्यात आली. रक्तदाबाच्या एका शेतकऱ्याने “गोळी घेतली का गरगरते, म्हणून बंद केली” असे सांगितले, त्यावर मी “म्हणजे तुम्हाला गरगरते” असे म्हणताच तो “तेच तं सांगून राह्यलो ना म्याडम” असे म्हणून वैतागला. शिवाय बाजाराच्या दिवशी रांग दाराबाहेर जाते. एवढा वेळ आणायचा कोठून?

उत्तर : त्याचे वैतागणे रास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनातून ही पद्धत रूढ झाली, आणि तिची पोपटपंची केली जाते ही तक्रार त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. रुग्णाचे शब्द परत करणे ही केवळ पहिली पायरी आहे. तो जे बोलला त्याच्या मागे काय असावे याचा अंदाज बांधून तो सांगून पाहणे, हे खरे काम आहे. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनावरील उपचारांच्या संदर्भात मांडलेल्या संवादपद्धतीत याच कौशल्याला मध्यवर्ती स्थान मिळाले.

समजा, त्याच शेतकऱ्याला आपण “वावरात एकटे असताना चक्कर येऊन पडलो तर, अशी धास्ती वाटते तुम्हाला” असे म्हटले असते, तर कदाचित तो म्हणाला असता, “हो ना. मांगच्या हप्त्यात विहिरीपाशीच तोल गेला.” येथे उपचाराची दिशाच बदलते. आता गोळ्यांचे महत्त्व समजावून सांगत बसण्यापेक्षा त्याचा रक्तदाब बसलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही स्थितींत मोजणे, तो गोळी केव्हा व कशी घेतो हे पाहणे आणि मात्रेविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे अधिक निकडीचे ठरते. “का बंद केली?” या प्रश्नाने हे बाहेर आले नसते, कारण ‘का’ ऐकताच माणूस सफाई देऊ लागतो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. “तसं नाई म्याडम, बसचं भाडं परवडत नाई” असे सांगून रुग्ण आपल्याला दुरुस्त करतो, आणि तेच आपल्याला हवे असते. वाक्याचा शेवट मात्र प्रश्नासारखा वर चढू देऊ नये, आणि बोलून झाल्यावर गप्प बसावे. ही गप्प बसण्याची गोष्ट प्रशिक्षणात फारशी शिकवली जात नाही, असे माझे मत आहे.

वेळेविषयी सांगायचे, तर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे पहिले निवेदन सरासरी १८ सेकंदांतच तोडल्याचे दिसले होते. उलट, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३३५ रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिले, तेव्हा त्यांनी सरासरी ९२ सेकंदच घेतले. तो दवाखाना आपल्या उपकेंद्रासारखा नव्हता हे मान्य आहे. तरीही प्रत्येकाला दीड मिनिट देणे जमत नसेल, तर निदान औषधे सोडलेल्या आणि वारंवार येणाऱ्या रुग्णांना तरी ते द्यावे. सर्पदंशाच्या किंवा उष्माघाताच्या रुग्णापुढे अर्थातच ही पद्धत बाजूला ठेवावी.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. गृहभेटीत एक बाई म्हणाली, “आता जगून तरी काय करू.” अशा वेळी फक्त ऐकून घ्यावे की काही विचारावे?

उत्तर : आधी ऐकावे, “फार थकून गेलीस तू, आता पुढचं काही दिसत नाही” असे म्हणून तिला बोलू द्यावे. “असं बोलू नये, लेकरांकडे पाहा” हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते, पण त्याने बोलणे तिथेच मिटते. मात्र केवळ आशय परत सांगून थांबणे येथे धोक्याचे आहे. “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटी सोडू नये. तिला सांगून घरातील विश्वासाच्या माणसाला बोलवावे, फवारणीचे औषध घरात असल्यास ते त्याच दिवशी दुसरीकडे कुलपात ठेवायला लावावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते. तो नुसता लिहून देण्यापेक्षा आपल्या फोनवरून लावून तिच्या हाती द्यावा.