मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात राखीव गोली आहे, हंगामभर एक मिनिटही मैदानात उतरवलं नाही. संघातून काढून घ्यावं का?

काढू नका. निदान हा हंगाम संपेपर्यंत तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, सहा सामने झाले, सहाही सामने तो बाकावर बसून होता आणि घरी आला की गप्प असतो. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "राखीव गोली अडीअडचणीलाच असतो." हे वाक्य मी चौदाव्या वर्षी जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय. एवढी वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी आमच्या शाळेच्या संघाचा कॅप्टन होतो, सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरच्या बचावात मधोमध खेळायचो. आमचे दोन गोली होते. पहिला उंच, लांब हातांचा, क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेला बॉल, आला की अलगद वरून उचलणारा. दुसऱ्याला सगळे बारक्या म्हणायचे. वर्गात सगळ्यात बुटका, पण पायात चपळाई अशी की जमिनीलगतचा बॉल त्याच्याकडून सहसा सुटायचा नाही. आठ शाळांची लीग होती, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. सात सामन्यांत आम्ही 5 जिंकले, 1 बरोबरीत सोडवला, 1 हरलो. 16 गुण झाले आणि सेमीफायनलला गेलो. सात सामन्यांत फक्त 3 गोल खाल्ले. या 420 मिनिटांतलं एकही मिनिट बारक्याच्या वाट्याला आलं नाही.

पाचव्या सामन्यात हाफटाइमला आम्ही 4-0 ने पुढे होतो. समोरची पोरं मान खाली घालून पाणी पीत होती. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, आता बारक्याला घालू या. सर म्हणाले, "गोल शून्य ठेवायचाय. घडी बसलीय ती मोडू नको." मी पुन्हा म्हणालो, तर म्हणाले, "मैदानात तू कॅप्टन, इथं मी." बारक्या चार पावलांवर बसला होता, त्याने ऐकलं. उठून बॉलची जाळी आवरायला लागला. आम्ही तो सामना 5-0 जिंकलो.

सरावातही तेच. आमचा बचाव नेहमी पहिल्या गोलीसमोर उभा राहायचा आणि बारक्या गोलच्या मागे. बाहेर गेलेले बॉल आणून द्यायचा. सराव संपल्यावर वेळ उरलाच तर कुणीतरी त्याला पाच-दहा किक मारायचं. शाळेकडे गोलीच्या हातमोज्यांची एकच जोडी होती आणि ती पहिल्याच्या हातात असायची. बारक्या उघड्या हातांनी बॉल अडवायचा.

सेमीफायनलला आम्ही 1-0 ने पुढे होतो. दुसऱ्या हाफला दहाएक मिनिटं झाली असतील, पहिल्या गोलीने कॉर्नरवरून आलेला बॉल मुठीने परतवला आणि खाली पडताना त्याचा अंगठा निखळला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता हात धरून बसला. सरांनी बाकाकडे बोट दाखवलं. बारक्या ट्रॅकसूट काढत धावत आला. पहिल्याच्या हातातले मोजे काढून त्याला दिले, उजवा फार जपून काढावा लागला. बारक्याच्या हातात ते इतके ढिले होते की मनगटाची पट्टी मी स्वतः ओढून ओढून पार शेवटपर्यंत आणली, तरी बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. वॉर्म-अप नाही, एक बॉल हातात घेतलेला नाही. समोर 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच गोल, मोठ्यांचाच.

आता इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण आमच्या बॅचमध्ये हे आजही चुकीचं सांगितलं जातं.

चार-पाच मिनिटांनी उजवीकडून क्रॉस आला. फार जोरात नव्हता, उंचही नव्हता, गोलपासून पाच-सहा मीटरवर पडणारा. बारक्या बरोबर वेळेला निघाला. "माझा!" म्हणून ओरडलाही. मी ते ऐकलं. पण मला ते त्याचं आहे हे कळलंच नाही. हंगामभर माझ्या पाठीमागून एकच आवाज यायचा, फुटलेला, जाड. तो आला की मी डोळे झाकून बाजूला व्हायचो. बारक्याचा आवाज तेव्हा फुटलाही नव्हता. गोलच्या मागे खालच्या वर्गातली पोरं ओरडत उभी होती आणि त्याची हाक मला त्यांच्यातलीच एक वाटली. मी उडी मारली. बॉल माझ्या डोक्याला घासून दिशा बदलून त्याच्या हातांवरून आत गेला. 1-1.

जादा वेळेत दुसरा गोल झाला. त्यांच्या कडेच्या फॉरवर्डने गोलसमोरच्या चौकोनात येऊन खालून फटका मारला, बारक्याने झेप घेऊन तो अडवला. त्या मोज्यांत बॉल धरून ठेवणं शक्यच नव्हतं, तो पुढे उडाला. तिथं कोण असायला हवं होतं? सेंटर बॅक. मी दोन पावलं उशिरा पोचलो. 2-1, हंगाम संपला.

मागच्या वर्षी बॅचचे सगळे भेटलो. बारक्या त्याच्या मुलाला घेऊन आला होता. जेवताना एकजण त्या मुलाला म्हणाला, "तुझ्या बापाने आमची फायनल घालवली." सगळे हसले. मुलाने बापाकडे पाहिलं. मी तिथं काहीच बोललो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आता बोलतो: फायनल बारक्याने घालवली नाही. पहिला गोल माझ्या डोक्याचा, दुसरा माझ्या पायांचा आणि दोन्हींच्या मुळाशी सरांचा तो निर्णय की ज्याच्यावर संकटात सगळा भार पडणार त्याला संकट येईपर्यंत हातच लावायचा नाही.

गोलीच्या माथी मारणं ही फुटबॉलमधली फार जुनी खोड आहे. 1950 च्या विश्वचषकात जेतेपदासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. ब्राझीलने पहिला गोलही केला. मग उजवीकडून उरुग्वेच्या घिजियाच्या पासवर स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि 79 व्या मिनिटाला घिजिया पुन्हा तसाच आत घुसला. पुन्हा क्रॉसच येणार म्हणून ब्राझीलचा गोली बारबोसा एक पाऊल बाहेर सरकला आणि घिजियाने जवळच्या खांबालगत मारला. त्या बाजूचा बचाव दोन्ही वेळा फाटला होता, पण सगळ्यात जास्त बोल लागला तो बारबोसाला. 2000 साली तो गेला. पन्नास वर्षं माणूस त्या एका पावलाचं ओझं वाहत होता. मोठ्या माणसाचं हे होतं, तर तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

आणि राखीव गोली नुसता अडीअडचणीला असतो म्हणणाऱ्यांनी 1990 चा विश्वचषक पाहावा. अर्जेंटिनाचा पहिला गोली पुम्पिदो, त्याचा दुसऱ्याच सामन्यात पाय मोडला आणि राखीव गोली गोइकोचेआ आत आला. युगोस्लाव्हिया आणि इटली या दोघांविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने दोन-दोन किक अडवल्या आणि संघ फायनलला पोचला. 2014 च्या विश्वचषकात हॉलंडचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध शूटआउटच्या तोंडावर गोलीच बदलला. आलेल्या क्रुलने दोन पेनल्ट्या अडवल्या. पण व्हान गाल यांनी त्याला त्यासाठी आधीपासून तयार ठेवलं होतं. आमच्या सरांना हेच कधी पटलं नाही. तयारी म्हणजे त्यांच्या लेखी अकरा जणांची तयारी.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. सरांकडे जा, पण "माझ्या मुलाला खेळवा" म्हणून जाऊ नका. ते लगेच बचावात जातील. दोनच गोष्टी मागा. एक, सरावात आठवड्यातून एकदा तरी पहिल्या फळीचा बचाव त्याच्यासमोर उभा करा. बॅक लोकांना त्याची हाक ओळखता आली पाहिजे, आणि कुठला बॉल आपला, कुठला सोडायचा हे त्यालाही त्यांच्यासमोरच कळतं. गोलच्या मागे उभं राहून ते कुणालाच येत नाही. दोन, निकाल लागलेल्या सामन्यात आणि मैत्रीपूर्ण सामन्यांत त्याला एक हाफ द्या. पहिला गोली बाहेर काढला की परत आणता येणार नाही, हे कारण ते सांगतील. तुमच्या स्पर्धेचे नियम विचारून घ्या. 2017 पासून फुटबॉलच्या नियमांतच अशी सोय आहे की राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली असेल तर कुमार गटात बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. सरांना हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

मधल्या काळात मुलाला सरावात मैदानावरही खेळू द्या, बचावात, मधल्या फळीत, कुठेही. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही, त्यामुळे ज्याचे पाय चांगले तो गोली आज जास्त कामाचा. शिवाय तेराव्या वर्षी कुणाच्या कपाळावर "राखीव गोली" असा शिक्का मारणं मला मुळातच पटत नाही. या वयात उंची दोन वर्षांत कुठल्या कुठे जाते. बारक्या पुढे माझ्यापेक्षा उंच झाला. पण तोपर्यंत त्याने फुटबॉल सोडलं होतं. त्या सेमीफायनलनंतर तो एकदाही गोलमध्ये उभा राहिला नाही.

हे सगळं लिहिताना सरांवर एकतर्फी झालं असेल, तर तेही सांगतो. त्यांच्याकडे दोन वयोगटांचे संघ होते, मदतीला कुणी नव्हतं, आणि शाळेला फक्त ढाल हवी होती. पहिला गोली खरोखरच जास्त चांगला होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. महत्त्वाच्या सामन्यात तोच खेळायला हवा होता. माझं भांडण त्या 4-0 च्या हाफटाइमपुरतं आहे.

आणि मुलगा स्वतःच म्हणाला की मला आता नको, तर माझं ऐकू नका, त्याचं ऐका. पण गप्प आहे म्हणजे नको आहे असं धरून चालू नका. बारक्याही गप्पच होता आणि प्रत्येक सरावाला सगळ्यात आधी यायचा. मुलाला इतकंच विचारा की सरावात तो गोलमध्ये असतो की गोलच्या मागे. उत्तर "मागे" आलं तर उद्याच सरांना भेटा.

अजून एक. त्याला स्वतःचे मोजे घेऊन द्या, त्याच्या मापाचे. वाढत्या हाताला होतील म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका.