मतदारांचा कल जरासा बदलला आणि कोणालाच बहुमत मिळालं नाही, तर अल्पमतातलं सरकार येऊ शकतं का?

हो, येऊ शकतं. सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांमध्ये एकाने जास्त असलं की पुरे, निम्मे आमदार स्वतःच्या पक्षाचे असायलाच हवेत असं नाही. बाहेरून पाठिंबा किंवा मतदानाच्या वेळी कोणाची गैरहजेरी, दोन्ही चालतं. आपल्याच मध्य प्रदेशाचं 2018 बघा. भाजपला सुमारे 41 टक्के मतं, काँग्रेसला त्याहून किंचित कमी, तरी जागा मात्र 109 विरुद्ध 114. बहुमताला 116 लागत होत्या. बसपा, सपा आणि अपक्षांच्या टेकूवर कमलनाथ मुख्यमंत्री झाले. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला मतदार, म्हणून जवळचं सांगतो: ग्वाल्हेर दक्षिणची जागा तेव्हा फक्त 121 मतांनी भाजपकडून काँग्रेसकडे गेली. म्हणजे राज्यभराच्या टक्केवारीवरून सरकार कोणाचं येणार हे ओळखणं अवघड. तेच 121 इकडचे तिकडे झाले असते तर काँग्रेस 113 वर थांबली असती.

टिकण्याचं मात्र वेगळं गणित आहे. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, सभागृह 206 चं उरलं, बहुमत 104 वर आलं आणि 107 वाल्या भाजपचा मार्ग मोकळा झाला. मतदाराला कोणी विचारलं नव्हतं. पोटनिवडणुका नंतर, नोव्हेंबरात झाल्या. उलट केंद्रात नरसिंह रावांनी 1991 मध्ये अल्पमतातच सुरुवात करून पाच वर्षं काढली.