घराजवळचं खासगी बीएस्सी नर्सिंग की लांबचं सरकारी जीएनएम?

तुमची अडचण अशी: मुलीला बारावी सायन्सला 54 टक्के, तालुक्याच्या गावी खासगी बीएस्सी नर्सिंग मिळतंय, सरकारी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) घ्यायचं तर दोनशे किलोमीटरवर जिल्हा रुग्णालयाच्या हॉस्टेलला राहायचं, आणि जीएनएमनंतर डिग्री होते का?

लांब पाठवा. डिग्री होते, पुढे सांगते. पण "घराजवळ आहे, ओळखीचे लोक आहेत" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. 2009 साली माझ्या मामांनी अगदी हेच म्हणून मला घराजवळच्या खासगी कॉलेजात जीएनएमला घातलं होतं. संस्थाचालक त्यांच्या ओळखीचे, फीमध्ये सूट, तीन मजली इमारत. लॅबमधल्या पुतळ्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, ते आम्हाला नवेपणाचं लक्षण वाटलं.

कॉलेजच्या हॉस्पिटलवर 100 खाटांची पाटी. एरवी पेशंट पाच-सहा. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र कॉलेजची बस दोन गावांत जाऊन माणसं घेऊन आली. दिवसाचे दोनशे रुपये आणि जेवण. आदल्या रात्री आम्ही मुलींनी त्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरले, तीन-तीन दिवसांचे, एका बैठकीत. ताप पहिल्या दिवशी 101, मग 100, मग 99. शाई वेगळी दिसावी म्हणून दोन पेनं. चौदा नंबरच्या खाटेवर आमच्या मेसला भाजी देणाऱ्या काकू होत्या. हातावर कापूस, त्यावर चिकटपट्टी, सलाईनची नळी लावलेली पण सुई नाही. साहेबांनी विचारलं, "काय होतंय मावशी?" काकू म्हणाल्या, "काय न्हाय, बरी हाय मी. जेवाण कवा हाय?" साहेब काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे गेले. मान्यता चालू राहिली.

मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या, केसबुकात स्वतःच्या हातांनी केलेल्या 20 नॉर्मल डिलिव्हरी लागतात. मी पाहिल्या तीन. त्याही ग्रामीण रुग्णालयात, एका टेबलाभोवती तीन कॉलेजच्या मुली, टाचा उंचावून. बाकीच्या सीनियरच्या केसबुकातून उतरवल्या, नाव-वय बदलून. एक बाई तर माझ्या आणि मैत्रिणीच्या वहीत एकाच दिवशी, दोन वेगळ्या गावांत बाळंत झाली आहे.

2013 साली एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये पहिली नोकरी. दुसऱ्याच आठवड्यात, रात्री दोन वाजता, डॉक्टर घरून निघालेले आणि बाळाचं डोकं दिसायला लागलं. माझे हात हलेनात. शेवटी आया मावशींनी माझा हात धरून जागेवर ठेवला. "सिस्टर, हितं दाबून धरा, डोकं भसकन येऊ द्यायचं नाही." मावशी चौथी शिकलेल्या. बाळ रडलं. मी नंतर स्टोअरमध्ये जाऊन रडले.

मामा अजून म्हणतात, "शेवटी रजिस्ट्रेशन झालं ना? नोकरी लागली ना?" झालं. लागली. मला त्याचंच भय वाटतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

आता डिग्रीचं. जीएनएम आता तीन वर्षांचं, आमच्या वेळी साडेतीन होतं. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमवाल्यांसाठीची डिग्री, नियमित केलं तर दोन वर्षं. म्हणजे तीन अधिक दोन, थेट बीएस्सीच्या चारपेक्षा एक वर्ष जास्त. जाऊ द्या ते वर्ष. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं पोस्ट बेसिक आहे. प्रवेश परीक्षा, रजिस्ट्रेशननंतर दोन वर्षांचा अनुभव आणि कमीत कमी तीन वर्षं. मी तेच केलं, नाइट संपवून तशीच क्लासला जाऊन बसायची. पुढे एमएस्सीला बसताना चार वर्षंवाली आणि मी एकाच रांगेत होतो. "जीएनएमवाल्यांना किंमत नाही" हे सांगणारे बहुतेक कॉलेजचे एजंट असतात. जीएनएम बंद होणार ही आवईही वर्षानुवर्षं उठतेय.

तरी तुमच्या गावातलं कॉलेज मी पाहिलेलं नाही, ते चांगलंही असेल. कसं ओळखायचं? कॉलेजात जाऊच नका. साध्या वारी सकाळी साडेसातला त्यांच्या हॉस्पिटलच्या गेटवर उभे राहा आणि युनिफॉर्ममधल्या मुली ड्युटीला आत जातात का बघा. मग अकराला स्वतःच्या नावाने केस पेपर काढा आणि त्यावरचा त्या दिवसाचा नंबर वाचा. नंबर सात असेल, म्हणजे अकरापर्यंत पेशंट सातच, तर घरी या. मामांनी गेल्या महिन्यात नातीसाठी कॉलेज विचारायला फोन केला, त्यांनाही हेच सांगितलं. म्हणाले, "केस पेपर काढायला मी काय आजारी आहे?"

एक राहिलं. मुलीने बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली असेल तर सरकारी बीएस्सीच्या याद्या लागेपर्यंत कुठेच पैसे भरू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज (ते सरकारी नाही, संस्थेचं आहे) किंवा मुंबईत जेजेच्या आवारातलं सरकारी नर्सिंग कॉलेज अशा ठिकाणी, जिथे वॉर्ड खरोखर भरलेले असतात, बीएस्सी मिळत असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि तेच घ्या. थेट बीएस्सीचा एक फायदा मी लपवणार नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बीएस्सीवाली पास होऊन रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसू शकते. नुसत्या जीएनएमवर बसायचं तर किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढावी लागतात. आणि तिने तो रस्ता धरलाच, तर नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर खाटांचा आकडा लिहून घ्यायला सांगा. माझ्या दाखल्यावर नव्हता. परत गेले तोवर मेट्रन बदलली होती, आणि नवी म्हणाली, तुम्हाला मी ओळखत नाही.