म्हणणारा कोण, ते आधी बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझी इंग्रजी शब्दांची वही वाचली. रिलिजस म्हणजे धार्मिक, पायस म्हणजे धार्मिक, डिव्हाउट म्हणजेही धार्मिक. आणि खाली तुझा प्रश्न, 'अर्थ एकच असेल तर एवढे पाठ कशाला करायचे?' प्रश्न रास्त आहे, वही चुकली आहे. श्रद्धेचे शब्द असे जोड्या लावून शिकता येत नाहीत. म्हणणारा कोण आणि कोणाबद्दल म्हणतोय, ते आधी बघ.

डिव्हाउट म्हणताना बोलणाऱ्याला समोरच्याची निष्ठा खरी वाटत असते. पायस म्हणताना कधी आदर असतो, कधी नाक मुरडलेलं असतं. सँक्टिमोनिअस तर स्वतःला कुणीच म्हणवून घेत नाही. सोवळेपणाचा तोरा मिरवणाऱ्याला दुसराच कुणीतरी तसं म्हणतो. सुपरस्टिशन नेहमी शेजाऱ्याची असते, आपली ती श्रद्धा.

अॅग्नॉस्टिकपुढे तू 'नास्तिक' लिहिलंयस. खोडून टाक. हा शब्द टॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये स्वतःसाठी घडवला. देव नाही असं त्याचं म्हणणं नव्हतं. जे कळलेलं नाही ते कळलं असं सांगणार नाही, एवढंच होतं. हेरेटिकचं, म्हणजे पाखंडीचं, उलटं. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'निवड'. चर्चने त्याचा शिक्का केला आणि त्या शिक्क्यापायी माणसं जिवंत जाळली गेली. क्वेकर हे तर एका ख्रिस्ती पंथाला टिंगलीने ठेवलेलं नाव, पण पुढे त्या लोकांनीच ते आपलंसं केलं. एक नाव स्वतः घेतलेलं, एक लादलेलं, एक लादलेलं असून स्वीकारलेलं. एका शब्दाचा अर्थ लिहून हे कळेल का तुला?

मी इतका हट्टाने का सांगतोय, तेही ऐक. चोविसाव्या वर्षी एका परदेशी संशोधकाबरोबर दुभाषी म्हणून आषाढी वारीत चाललो होतो. सासवडच्या मुक्कामी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून एक बाई बसल्या होत्या. त्याने विचारलं, तुमची श्रद्धा कसली? त्यांनी गळ्यातली माळ दोन बोटांनी उचलून दाखवली आणि म्हणाल्या, "आम्ही माळकरी." मी बेधडक सांगितलं, ऑर्थोडॉक्स. पाठ केलेल्या यादीत कर्मठपुढे तोच शब्द होता आणि माळकरी म्हणजे कर्मठच, असं मी धरून चाललो होतो. त्याने वहीत तसंच उतरवलं. एकादशी पाळणारी, मांसमच्छी वर्ज्य केलेली, दिंडीत सगळ्यांच्या पाया पडणारी ती बाई इंग्रजीत जुन्या रूढींना चिकटलेली ठरली. बाई हसून माझ्याकडे बघत होत्या. मी नीटच सांगितलं असणार, असा त्यांचा विश्वास होता.

रोजावरचं काम होतं, विचार करायला वेळ नव्हता, शिकवणाऱ्यांनीही तेवढंच शिकवलं होतं. हे सगळं खरं आहे. तरी तो शब्द मीच उच्चारला. तेव्हापासून एका शब्दापुढे एकच शब्द लिहिलेली वही मी कुणाकडूनही घेत नाही. लोक त्याला हेका म्हणतात, म्हणू देत.

आता वही नव्याने कर. अर्थाच्या आधी लिही: कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, ऐकणाऱ्याला कसं लागतं. वीसच शब्द घे. माळकरीपुढे काय लिहायचं असं विचारशील, तर माळकरीच लिही आणि माळ कशी घालतात, का घालतात ते चार ओळींत सांग. त्या चार ओळी मला आधी पाठव.