रविवारची कमाई

प्रिय मित्रा,

तुझा रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ टक्के. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहेस. दर रविवारी दोन तास जिममध्ये घाम गाळायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. फक्त त्यातला ‘रविवार’ मला खटकला.

इन्सुलिन साखरेसाठी स्नायूच्या पेशीचं दार उघडतं, हे तुला माहीत आहे. पण स्नायू आकुंचन पावू लागला की पेशीच्या आतले ग्लुट-४ नावाचे साखरवाहक इन्सुलिनची वाट न बघता आवरणाशी येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं तरी ही दुसरी वाट बहुतेक शाबूत असते. इतक्या वर्षांनंतरही मला याचं अप्रूप वाटतं. व्यायाम थांबल्यावरही स्नायू रिकामी झालेली ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या साखरेची, कोठारं भरत राहतात, आणि इन्सुलिनचं कामही सोपं होतं. पण हा परिणाम टिकतो साधारण एक ते तीन दिवस. रविवारची कमाई बुधवारपर्यंत संपते.

म्हणून आठवड्याची १५० मिनिटं भरभर चाल विभागून घे, सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललास तर साखरेची उसळी तिथल्या तिथे कमी होते. दोन दिवस वजनं उचल. खाल्लेली साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार स्नायूच आहेत.

अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’चे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तुझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आहार, थोडी वजनघट आणि एवढ्याच व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. औषधाला मी कमी लेखत नाही, पण हे आकडे तू विसरू नयेस.

जोरदार धावल्यावर लगेच साखर मोजलीस तर ती वाढलेलीही दिसेल. ते अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाचं काम, थोड्या वेळात उतरतं.

आईला सोबत नेणार आहेस ना? त्या इन्सुलिन घेतात, त्यांचं गणित वेगळं. निघण्याआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊ दे. खिशात ग्लुकोज ठेव. जास्त चालणं झालं तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोल. घरी आल्यावर त्यांचे तळवे बघ. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल, तर बुटाने घासलेलं त्यांना कदाचित कळणारही नाही.

तुझा,
सर